मी अडवलेले खडे

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात माझी एखादी बहीण नक्की असेल. पत्र्याचा गोल काठ, मध्ये तारांची जाळी आणि टांगण्यासाठी काठाला एक भोक. मी तशीच एक चाळणी आहे, फक्त वयाने बरीच मोठी. माझा काठ एका बाजूला दबला आहे. जाळीची एक तार तुटली तेव्हा तिथे तांब्याच्या तारेचा टाका घातला, तो अजून आहे. आपले जीवन सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा आपण लोकांच्या किती उपयोगी पडलो ते सांगतात. तेही मी सांगेन, कारण मी खरेच उपयोगी पडले. पण माझी गोष्ट मान खाली घालून सांगण्याची आहे. मला मान नाही, ती गोष्ट वेगळी.

डबे आणि नरसाळी करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात माझा जन्म झाला. त्याने पत्र्याची पट्टी लाकडी ठोकळ्यावर वाकवली, जाळी ताणून बसवली आणि काठ ठोकून ठोकून घट्ट केला. मग मला उजेडाकडे धरून आरपार बघितले. "झाली," तो म्हणाला. "बारीक ते खाली, जाड ते वर. एवढंच करायचं, जास्त डोकं चालवायचं नाही." तो माझ्याशी बोलला की स्वतःशी, कोण जाणे. मी मात्र ते शब्द आयुष्यभर मनाशी धरून बसले.

ज्या घरात मी गेले तिथे नुकताच मोठा प्रसंग होऊन गेला होता. घरचे कर्ते, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, जेवत होते. दाताखाली खडा आला आणि दाढेचा अर्धा भाग ताटात पडला. अण्णा ताटावरून उठले ते तडक पत्नीला म्हणाले, "आजपासून या घरात न चाळता काही शिजणार नाही." दुसऱ्याच दिवशी मी घरात आले. तेव्हापासून अण्णांना एक सवय लागली, ती आजही आहे. रागावले किंवा विचारात पडले की ते जिभेने त्या तुटक्या दाढेची कड चाचपतात. गाल आतून हलताना दिसला की घरातले सगळे गप्प होतात.

अण्णांची थोरली सून लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला सगळ्यात आधी माझ्याशी ओळख करून दिली. थोरलीचा हात फार छान होता. उजव्या तळव्याने काठावर थाप, डाव्या हाताने अर्धा फेरा, पुन्हा थाप. धान्य सरसर खाली जाई आणि खडे, काड्या, मातीची ढेकळे माझ्या अंगावर उघडी पडत. पाहुणे आले की अण्णा घास तोंडात घालण्यापूर्वी म्हणत, "बिनधास्त चावा. आमच्या घरी खडा शोधून दाखवावा." त्या कौतुकातला अर्धा वाटा मी माझ्याकडे ठेवून घेत असे. सासू गेल्यावर थोरलीने तो नियम आणखी कडक केला. मी थकून जाई, पण मला ते आवडायचे.

पुढे पिशव्यांमधून निवडलेले, स्वच्छ धान्य मिळू लागले. धाकटी सून आली तिने बरोबर स्टीलची चकचकीत चाळणी आणली, चहाच्या गाळणीची थोरली बहीण शोभेल अशी. माझी रवानगी परसातल्या, कोंबड्यांच्या खाद्याच्या खोलीत झाली. तिथल्या दारामागच्या खिळ्यावर मी लटकत राहिले. एका कोळ्याने माझ्या जाळीवर स्वतःची जाळी विणली. जाळीवर जाळी, असला विनोद त्याला सुचला असावा, मला काही हसू आले नाही.

त्या खोलीच्या समोरच कोंबड्यांची शेड होती. पत्र्याचे छप्पर, पिंजऱ्यांच्या दोन लांब रांगा, पुढे खाद्याची पन्हाळी. अण्णांनी मोठ्या हौसेने ती उभी केली होती. दोन्ही मुलगे अंडी पोचवायची गाडी चालवत, त्यामुळे दिवसभर ते बाहेरच. शेडचे खरे काम दोघी जावांवर होते. थोरली कोंबड्यांना खायला घाली, पाणी बघे, अंडी गोळा करी. धाकटी कुक्कुटपालनाचा अभ्यासक्रम करून आलेली होती, म्हणून खाद्यात काय आणि किती घालायचे ते तिने ठरवायचे. खाद्याच्या खोलीची किल्ली अण्णांनी तिच्या हातात दिली तेव्हा तिचा चेहरा मी खिळ्यावरून पाहिला होता. तिने किल्ली लगेच कमरेला खोचली नाही. थोडा वेळ मुठीतच धरून ठेवली.

तिने पहिली मोठी गोष्ट केली ती म्हणजे एक छोटी पुडी आणली. ती पुडी दाखवायला तिने सगळ्यांना माझ्या खोलीत बोलावले.

"मक्यात आणि सोयाबीनच्या पेंडीत फॉस्फरस भरपूर असतो," ती म्हणाली. "पण तो कुलूपबंद. कोंबडीला ते कुलूप काही उघडत नाही. मग तो तसाच विष्ठेतून बाहेर जातो, आणि आपण फॉस्फरससाठी वरून डीसीपीची पांढरी पूड ओतत बसतो. हे एन्झाइम म्हणजे त्या कुलपाची किल्ली. हे घातलं की डीसीपी कमी केली तरी चालते."

"एवढ्याशा पुडीनं?" अण्णांनी विचारले.

"एवढंसंच लागतं, अण्णा. फक्त जपावं लागतं. जास्त गरम झालं की मेलंच म्हणून समजा."

"मेलं? म्हणजे जिवंत आहे की काय ते?"

"जिवंत नाही, पण काम करतं."

"मग आमच्या धाकट्याच्या अगदी उलट," अण्णा म्हणाले. धाकट्याची बायको तीच असल्यामुळे ती आधी रुसल्यासारखी झाली आणि मग सगळ्यांत मोठ्याने हसली. थोरलीने तर पोट धरले.

एन्झाइमची गोष्ट धाकटीने अशी रंगवून सांगितली. पण त्याच वेळी तिने खाद्यात आणखी एक बदल केला होता, तो मात्र तिने फक्त गिरणीवाल्याला सांगितला. आधी खाद्यात चुनखडी असे ती पिठासारखी. आता त्यातली बरीचशी जाड असावी, बारीक खडीसारखी, असे तिने ठरवले. ही खडी खाद्यातच मिसळून पोती यायची होती. घरात सांगण्यासारखे त्यात काही आहे असे तिला वाटले नाही. गिरणीसुद्धा तिने बदलली होती. अण्णांचा जुना गिरणीवाला सोडून नवा धरला, त्यावरून घरात थोडी कुरकुर झालीच होती.

नवी पोती आली. थोरलीने पन्हाळीत खाद्य ओतले, सवयीने हात फिरवला, आणि जागच्या जागी थांबली. बोटांना खडे लागले. तिने मूठ भरून उजेडात आणली. पांढरे, टोकदार, दाण्याएवढे खडे.

"अगं बाई," ती पुटपुटली, "यानं तर खडे घालून वजन केलंय."

ती तेव्हाच बोलली असती तर पुढे काय झाले असते? तिने अण्णांना हाक मारली असती, अण्णांनी धाकटीला विचारले असते, धाकटीने हसून सांगितले असते, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण मित्रांनो, थोरली फार चांगली बाई आहे. नवा गिरणीवाला धाकटीने निवडलेला. अण्णांना कळले तर सगळे खापर तिच्या डोक्यावर फुटेल, नव्याने मिळालेली किल्ली जाईल. म्हणून थोरलीने ठरवले की बोलायचे नाही. सकाळी धाकटी स्वयंपाकात असते, तेव्हा खडे आपणच काढून टाकायचे. ती आत आली आणि तिने मला खिळ्यावरून उतरवले. कोळ्याचे घर पुसून काढले. पदराने माझा काठ लख्ख केला.

"चल गं बाई," ती म्हणाली, "तुझ्याशिवाय काही खरं नाही."

मला किती आनंद झाला ते कसे सांगू? इतक्या दिवसांनी तो तळवा, ती थाप, तो अर्धा फेरा. खाद्य सरसर खाली गेले. वर राहिलेले मक्याचे तुकडे थोरलीने बोटांनी वेचून परत टाकले आणि उरलेले खडे घमेल्यात ओतले. एकही सुटला नाही. "आपल्या दाताखाली आला असता तर आपण ताट भिरकावलं असतं," ती पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना म्हणाली. "तुम्ही बिचाऱ्या कुणाला सांगणार?" मलाही ते पटले. कोंबडीला दात नसतात, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघींच्या लक्षात आली नाही.

आणि ते खडे खडे नव्हतेच. ते कोंबड्यांचे अन्न होते. अंड्याचे कवच बनते ते कॅल्शियमचे, आणि कोंबडी ते बहुतेक रात्री घडवते, जेव्हा ती काही खात नाही. पिठासारखी चुनखडी पोटातून लवकर निघून जाते. जाड खडी मात्र कोंबडीच्या पोटातल्या जाड पिशवीत बसून राहते आणि रात्रभर हळूहळू विरघळते. ती नसली तर कोंबडी काय करते? अंडे तर घालायचेच असते. मग ती आपल्या हाडांमधले कॅल्शियम काढते आणि कवचाला लावते. हे मला नंतर कळले. तेव्हा मी फक्त माझे काम चोख करत होते. त्या चोखपणाची आठवण आली की आजही माझी तार न् तार आवळते.

घमेली भरू लागली. एवढ्या खड्यांचे करायचे काय? शेडच्या दारापासून घरापर्यंतच्या पायवाटेवर कायम चिखल असे, कारण पाण्याच्या टाकीची गळती तिथूनच वाहायची. थोरलीने खडे तिथे पसरायला सुरुवात केली. बघता बघता पांढरी, कोरडी, सुरेख वाट तयार झाली. "वहिनीनं वाट मस्त केली," धाकटा दीर एकदा म्हणाला. कुठून आणले खडे, ते कोणी विचारले नाही. चांगल्या वाटेची चौकशी कोण करतो?

पहिल्यांदा आमची अंडी विकत घेणाऱ्या अंडीवाल्याने तक्रार केली. तो दोन अंडी एकमेकांवर हलकेच टिचकावून आवाज ऐके, ही त्याची पद्धत. "आवाज मऊ येतोय," तो म्हणाला. मग ट्रेमध्ये अंडी फुटू लागली. मग थोरलीच्या हातात नुसत्या सालीतले अंडे आले, कवच नसलेले, पाण्याच्या फुग्यासारखे लिबलिबीत. तिने ते कितीतरी वेळ तळहातावर धरून ठेवले.

अण्णांचा गाल हलू लागला. "ती पुडी आली आणि हे सुरू झालं," ते म्हणाले. धाकटीने डॉक्टरांना बोलावले. जनावरांचे ते डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी दोन कोंबड्या हातात घेऊन त्यांच्या छातीचे हाड चाचपले आणि म्हणाले, "कॅल्शियम कमी पडतंय. खाद्य तपासून घ्या." धाकटीने खाद्य तपासायला पाठवले. कुठून? बंद पोत्यातून. माझ्यातून चाळले जाण्याआधीचे. ते अगदी नियमाप्रमाणे निघाले, कॅल्शियम भरपूर. म्हणजे दोष खाद्यात नाही. मग उरले काय? पुडी.

धाकटीला स्वतःचीच शंका येऊ लागली. तिने डीसीपी पुन्हा वाढवली. खरे तर फॉस्फरस आता मुबलक होता, एन्झाइमने त्याचे कुलूप कधीच उघडले होते. त्याच्या जोडीला हवे असलेले कॅल्शियम तेवढे माझ्या अंगावर अडकून बाहेर वाटेवर जात होते. वरून आणखी फॉस्फरस पडल्यावर कवचे सुधारायची कुठली, आणखीच बिघडली. आणि इकडे कोंबड्या जितक्या आजारी, तितकी थोरली मला जास्त जोराने हलवी. आधी एकदा चाळे, आता दोनदा. "आजाऱ्याच्या अन्नात तर अजिबात घाण नको," असे तिचे म्हणणे. ती डोळ्यांत तेल घालून चाळत होती, मित्रांनो, आणि मी डोळ्यांत तेल घालून अडवत होते.

कोंबड्या पिंजऱ्यात बसून राहू लागल्या. पन्हाळीपर्यंत मान लांबवायचीही काहींना ताकद राहिली नाही. त्यांत एक थोरलीची लाडकी होती. तिचा तुरा एका डोळ्यावर कललेला, म्हणून तिला सगळे टोपीवाली म्हणत. दाराचा आवाज झाला की ही पहिली ओरडायची. ती गप्प झाली.

एका दुपारी धाकटी खाद्याच्या खोलीत आली. दार लोटून घेतले आणि पोत्यावर बसून रडू लागली. मी बरोबर तिच्या डोक्यावर, खिळ्याला टांगलेली होते. थोरलीने मला सकाळीच वापरून ठेवले होते आणि माझ्या काठाच्या खाचेत एक पांढरा खडा अडकून राहिला होता. फक्त एक. तो पडावा, तिच्या केसांवर, मांडीवर, कुठेही पडावा आणि तिने वर बघावे, म्हणून माझा जीव तळमळला. एरवी नको तेव्हा माझ्यातून कितीतरी गळत असते. तो खडा काही हलला नाही. मी त्याला घट्ट धरून ठेवले होते, कारण मला तेवढेच करता येत होते.

संध्याकाळी अण्णा अंगणात आले. त्यांनी दोघी सुनांना बोलावले.

"उद्या गाडी बोलावली आहे," ते म्हणाले. "सगळ्या कोंबड्या विकून टाकायच्या. कापायला का होईना, जातील. शेड बंद. पोरी, तू शिकलीस ते चांगलं केलंस, पण जिवंत प्राण्यांवर प्रयोग नकोत. किल्ली आण इकडे."

धाकटीने किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. थोरली म्हणाली, "अण्णा, अजून थोडे दिवस बघू या ना," पण तिचा आवाज इतका बारीक होता की तो अण्णांपर्यंतही पोचला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायच्या आधी थोरलीने टोपीवालीला पिंजऱ्यातून काढले. "शेवटचं ऊन तरी खाऊ दे," म्हणत तिला उचलून पांढऱ्या वाटेवर आणून ठेवले. तिला उभे राहता येत नव्हते. थोरली शेजारी बसली. मला तिने खाद्य चाळण्यासाठी बाहेर आणले होते, कारण गाडी येणार असली तरी सकाळचे खाणे चुकवायचे नाही, असा तिचा हट्ट. त्यामुळे पुढचे सगळे मी जमिनीवरून पाहिले.

टोपीवालीने मान वळवली. एका डोळ्याने वाट न्याहाळली. मग चोच मारली आणि एक खडा गिळला. पुन्हा चोच, पुन्हा खडा. पाय मागे ओढत, पंखांवर रेटत ती पुढे सरकू लागली आणि उपाशी माणूस जेवावा तसे वाटेवरचे खडे गिळू लागली.

"अगं, अगं! थू कर!" थोरली घाबरली. तिने कोंबडीला धरले, चोच उघडली आणि बोट घालून आतला खडा काढून फेकून दिला. "खडे खातेस, वेडी कुठली! थू!"

धाकटी पिंजरे मोकळे करायला येत होती. ती वाटेच्या टोकाशीच थांबली. तिने टोपीवालीकडे पाहिले, थोरलीच्या बोटांकडे पाहिले, मग वाटेकडे. खाली वाकून तिने मूठभर खडे उचलले आणि हातावर पसरले.

"ताई," ती म्हणाली, "हे कुठून आणलेत?"

थोरली म्हणाली, "आता लपवून काय उपयोग? तुझा तो गिरणीवाला खाद्यात खडे घालतो. मी रोज चाळून काढत होते. अण्णांना कळलं असतं तर तुला धारेवर धरलं असतं, म्हणून बोलले नाही."

धाकटी वाटेवरच खाली बसली. "ताई, हे मीच घालायला सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. "ही चुनखडी आहे. यातूनच कवच होतं."

थोरलीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने ते बोट, ज्याने आत्ता खडा काढला होता, दुसऱ्या हाताच्या मुठीत लपवले. तिच्या तोंडून फक्त एवढेच आले, "मी हिच्या तोंडातून काढला गं."

"चूक माझी आहे, ताई. पुडीचं सगळ्यांना सांगत सुटले. खडीचं तुम्हाला सांगितलंच नाही. रोज खायला घालणार तुम्ही, आणि तुम्हालाच नाही सांगितलं."

थोरलीने ऐकले नाही. ती उठली, मला उचलले आणि तरातरा अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, हिनं काही केलं नाही," ती म्हणाली. "मी केलं. कोंबड्यांचं खाणं मी रोज चाळून बाहेर टाकलं. ती वाट दिसते ना, ती त्यांच्या हाडांची आहे."

अण्णांनी आधी तिच्याकडे, मग वाटेकडे पाहिले. त्यांचा गाल हलू लागला. जीभ त्या तुटक्या दाढेवर फिरत असणार. आता ते ओरडतील असे मला वाटले. पण गाल थांबला आणि ते हळूच म्हणाले, "खड्याची भीती या घराला मीच घातली." त्यांनी खिशातून किल्ली काढून धाकटीला परत दिली आणि फाटकाशी आलेल्या गाडीला हात करून परत पाठवले.

मित्रांनो, त्या अंगणात तीन माणसे होती आणि तिघांनीही दोष आपापल्याकडे ओढून घेतला. माझ्या वाटणीला कोणी काही ठेवलेच नाही. वस्तूला कोण बोल लावतो? पण खडे अडवले ते मी. कोणी मला आपटले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, तर माझे मन हलके झाले असते. शिवी मिळाली नाही, म्हणून ते ओझे आजवर माझ्याकडेच आहे.

खडी पुन्हा पन्हाळीत पडू लागली. वाढवलेली डीसीपी धाकटीने कमी केली, पुडी तशीच चालू ठेवली. अंड्यांचा आवाज हळूहळू सुधारला. अंडीवाल्याने एकदा दोन अंडी टिचकावली आणि मान हलवून पुढे गेला, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बऱ्याच कोंबड्या उठून उभ्या राहिल्या. काही उठल्या नाहीत. टोपीवालीला दोघींनी खोक्यात ठेवून हाताने भरवले. तिने खडी खाल्लीही. पण तिच्या पाठीचे हाड आधीच मोडले होते, तिला उशीर झाला होता. ती थोरलीच्या मांडीवर गेली. थोरलीने तिचा कललेला तुरा एकदा सरळ केला. तो लगेच पुन्हा डोळ्यावर आला.

थोरली मला भंगारवाल्याला देणार होती. "नजरेसमोर नको," ती म्हणाली. मला ते योग्यच वाटले. पण धाकटीने मला तिच्या हातून काढून घेतले.

"ताई, आता गिरणीवाल्याकडून चुनखडी खाद्यात न मिसळता वेगळी मागवू या, त्यात पूड आणि खडी एकत्र असते. पूड सकाळच्या खाद्यात जाऊ दे, आणि खडी दुपार उतरल्यावर वेगळी घालू या, म्हणजे रात्री पोटात राहील. ते वेगळं कोण करणार? आणि तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

आता तेच माझे काम आहे. तीच थाप, तोच अर्धा फेरा. बारीक ते खाली, जाड ते वर. फक्त वर राहते ते आता घमेल्यातून बाहेर जात नाही, ते सगळ्यांत जपून नेले जाते. मी काही बदललेली नाही. माझी भोके तेवढीच आहेत. माझ्या अंगावर उरले त्याचे काय करायचे, एवढाच फरक आहे, आणि तो मला कधीच कळणार नाही. म्हणून माझी विनंती तुम्हाला आहे. तुम्हाला डोळे आहेत आणि तोंड आहे. नको म्हणून काही फेकाल तेव्हा आधी ते तळहातावर घेऊन बघा. आणि कुणाला सांभाळून घ्यायचे म्हणून गप्प बसाल, तेव्हा ज्याच्यासाठी गप्प बसता आहात त्याला एकदा विचारून घ्या. ज्यांना बोलता येत नाही, त्यांचे हाल तुमच्या गप्प बसण्याने होतात.

दुपार उतरली की थोरली खडीचे भांडे घेऊन शेडकडे निघते. ती पांढरी वाट अजून तशीच आहे, कोरडी आणि सुरेख. घरातले सगळे तिच्यावरून जातात. थोरली मात्र बाजूच्या चिखलातून जाते. धाकटीने एकदा म्हटले, "ताई, वाटेवरून या ना, पाय भरतात." थोरली म्हणाली, "भरू देत." ती शेडच्या दाराशी पोचते, पाय झटकते, आणि पहिल्या पिंजऱ्यापासून खडी घालायला लागते.